चौकीपुढचा खोटा दगड

सोजरबाई कुंभारणीची जीभ तिखट होती, हे जांभुळखेड्यात कोणाला सांगावं लागत नसे. मडकं हातात घेऊन दहा ठिकाणी टिचक्या मारणाऱ्या बाईला ती म्हणायची, "मडकं घेऊन राह्यली का सून पाहून राह्यली?" बाई हसायची आणि मडकं घेऊन जायची, कारण माल चांगला असायचा. तो माल तिच्या नवऱ्याच्या हातचा. पुंजाजी चाकावर बसला की दिवसभर दुसरीकडे मान वळवायचा नाही. माती तुडवणं, तिच्यात लीद मिसळणं, भाजायला आवा रचणं आणि मंगळवारच्या बाजारात तोंड चालवणं, ही कामं सोजरबाईची. मूलबाळ नव्हतं. त्यावरून गावानं एकदा-दोनदा बोलून पाहिलं आणि तिचं उत्तर ऐकून तो विषय सोडून दिला.

त्रेचाळीस सालच्या माघात, एका मंगळवारी सकाळी, फुलसिंग पाटलाचा पुतण्या उदयसिंग त्यांच्या बाजारातल्या दुकानावर आला. अकोल्याला शिकणारा पोरगा. त्याला आवळ तोंडाचं आणि जाड बुडाचं गाडगं हवं होतं. पुंजाजीनं चार गाडगी वाजवून पाहिली, त्यातलं एक काढलं आणि आपणहून त्याच्यावर बसेल अशी झाकणी शोधून दिली. "कायले पायजे, मालक?" त्यानं विचारलं. "औषध ठेवाले," उदयसिंग म्हणाला आणि गेला.

दुपारी बाजार भरात होता. बाजाराच्या टोकाला पोलीस चौकी. तिच्या ओट्याला टेकून, वर थोडंसं गवत टाकलेलं एक गाडगं कोणीतरी ठेवलेलं होतं. तांड्यावरचा म्हातारा सेवालाल सरपणाची मोळी टेकवून तिथंच बसला होता. जमादार आणि शिपाई चहाला गेले होते. पुंजाजी पाणी प्यायला त्या बाजूला गेला तर त्याला आपला माल ओळखू आला. कोणाचं तरी राहून गेलं असेल, गाईगुरांच्या पायाखाली फुटेल, म्हणून तो ते उचलायला वाकला. बांगड्या विकणाऱ्या रहमतबीची नऊ वर्षांची सकीना त्याच्या मागं मागं होती. पुंजाजी तिला मातीचा बैल करून देणार होता, त्याची आठवण करून देत होती.

गाडग्यात विहिरीच्या सुरुंगाची दारू होती, खिळे होते.

आवाज झाला तेव्हा सोजरबाई एका म्हाताऱ्याशी झाकणीवरून भांडत होती. ती धावली. चौकीचा ओटा काळा पडला होता. शिपाई धावत आले आणि घाबरून त्यांनी हवेत दोन बार काढले. लोक पळत सुटले. पुंजाजी आणि सकीना जागीच गेले होते. सेवालाल संध्याकाळपर्यंत पाणी मागत होता. चौकीतल्या एकाही माणसाला ओरखडा उठला नाही.

तिसऱ्या दिवशी फुलसिंग पाटील तिच्या दारात आला. "सोजरे, साहेब येऊन राह्यले चौकशीले. तू उदयचं नाव घेतलं तर गाव जाते. दोन-चार पोरं फासावर चढतीन. तुहा माणूस त्यानं परत येनार हाये का?" सोजरबाईनं साहेबाला सांगितलं, मी झाकण्या मोजत होतो, मले काही दिसलं नाई. त्या रात्री ती स्वतःच्या तोंडात मारून घेत बसली, असं शेजारणी सांगतात. उदयसिंग पुढं तारा तोडल्याच्या खटल्यात सापडला आणि दोन वर्षं तुरुंगात राहिला. गाडग्याबद्दल त्याला कोणी विचारलं नाही. गावात मात्र सगळ्यांना माहीत होतं.

सोजरबाई स्वतः चाकावर बसायला लागली. तिच्या जातीत बाईनं चाकाला हात लावायचा नसतो. भाऊबंद बोलायला आले, तेव्हा तिनं चिखलाचे हात पुढं केले आणि विचारलं, "मंग तुमी घालान का मले जेवू?"

पाच वर्षांनी स्वराज्य आलेलं होतं. उदयसिंगच्या डोक्यावर आता पांढरी टोपी होती, वाशिमपासून अकोल्यापर्यंत त्याच्या ओळखी होत्या. अठ्ठेचाळीसच्या जुलैत पाटील पुन्हा तिच्या दारात आला, या वेळी हसत. चौकीपुढं दगड बसवायचा ठरलं होतं. नऊ ऑगस्टला समारंभ. तिघांचीही नावं दगडावर कोरली जाणार होती.

"काय लिहून राह्यले त्याच्यावर?" तिनं विचारलं.

पाटलासोबत शाळामास्तर होते. त्यांनी कागद वाचून दाखवला: परकीय सरकारच्या पोलिसांनी केलेल्या गोळीबारात देह ठेवणाऱ्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ.

सोजरबाईनं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "गोळीबारात?"

"गोळ्या सुटल्याच होत्या ना," पाटील म्हणाला.

"वर सुटल्या होत्या. कावळाही नाई मेला. खाली काय फुटलं ते तुमाले माईत हाये, पाटील. मास्तराले नसन माईत तर मी सांगतो."

मास्तर कागदाची घडी करत राहिले. पाटलाचं हसू गेलं. "लोकं तुह्या नवऱ्याले हार घालतीन. कुंभाराले कोन हार घालते? अन् हे पाह्य, तलावाची माती गावाची हाये. दसऱ्यानंतर तुले खोदू द्यायची का नाई, ते पंच ठरवतीन."

"तवा गप राहाले लावलं," ती म्हणाली. "आता खोटं बोलाले लावता. कोन्या तोंडानं येता हो माह्या दारात?" आणि तिनं पायानं अंगणातलं घमेलं असं लोटलं की पातळ चिखल पाटलाच्या जोड्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी ती रहमतबीकडे गेली. रहमतबी बांगड्या गुंडाळायच्या चिंध्या फाडत बसली होती. सोजरबाईनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तू अन् मी दोघी उभ्या राहू. दोघी बोलल्या तर खोटं म्हनता नाई येनार."

रहमतबीनं आणखी एक चिंधी फाडली. "माह्याकडेही पाटील आल्ते," ती शेवटी म्हणाली. "मले म्हने, हद्दीपल्याड निजामाचं राज्य, तिकडं रझाकार, इकडच्या मुसलमानाईनं कोनाच्या बाजूनं हाये ते दाखवावं. सोजर, तू बोलली तर तुले येडी म्हनतीन. मी बोलली तर माह्या पोराईचं घर जाळतीन."

"सकीना तुही होती."

"तू मले सांगू नको माही कोन होती ते," रहमतबी ताडकन म्हणाली. सोजरबाई उठली आणि निघाली. त्यानंतर दोघी रस्त्यात समोर आल्या तरी माना वळवायच्या.

नऊ ऑगस्टला पाऊस उघडला होता. चौकीपुढं मांडव, वाशिमहून आणलेला भोंगा, दगडावर झाकलेलं कापड. सेवालालच्या तांड्यावरून कोणी आलं नाही. रहमतबी बुरखा घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारची जागा सोजरबाईची; तिथं बसायला तिनं नकार दिला आणि खांबाला टेकून उभी राहिली. उदयसिंग बोलला. चांगला बोलायचा तो. गोळ्यांचा वर्षाव, छाती पुढं करणारे गोरगरीब, रक्तानं भिजलेली जांभुळखेड्याची माती. बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. मग त्यानं कापड ओढलं आणि टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्या तशी सोजरबाई पुढं गेली. लोकांना वाटलं, फूल वाहायला चालली. ती दगडाजवळ थांबली, गावाकडे तोंड केलं आणि भोंग्याशिवायच बोलली. बाजारात ओरडायची सवय असलेला आवाज होता तो.

"माह्या नवऱ्याचं नाव पुंजाजी."

बायांमध्ये खळबळ उडाली. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घेतलेलं त्या गावात कोणी ऐकलं नव्हतं, तेही मेलेल्या नवऱ्याचं, चारचौघांत.

"पुंजाजी गोळीनं नाई मेला. ह्या उदयसिंगानं गाडग्यात दारू भरून इथं ठेवली होती. गाडगं आमच्याच दुकानचं. पुंजाजी ते उचलाले गेला. रहमतबीची सकीना संग होती. सेवालाल इथंच बसला होता. उदयसिंगा, तुले पोलीस मारायचे होते, मेला कुंभार. हे तू सांग. हे दगडावर लिव्ह. नाई तर माह्या मानसाचं नाव पुसून टाक त्याच्यावरून."

उदयसिंगचा चेहरा पांढरा पडला. पण तुरुंगात राहून आलेला माणूस, सावरला. भोंग्याजवळ तोंड नेऊन शांतपणे म्हणाला, "बंधूंनो, या माउलीच्या मनावर दुःखाचा परिणाम झाला आहे. तिला रागावू नका."

"रहमतबीले विचारा!" सोजरबाई ओरडली. "रहमतबी, सांग!"

सगळी सभा वळली. बुरख्याची ती आकृती हलली नाही. कोणीतरी मागून ओरडलं, "पोलिसांची चमची!" दुसऱ्यानं "गद्दार" म्हटलं. एक ओलं ढेकूळ येऊन तिच्या खांद्यावर फुटलं. दोन माणसांनी तिला दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं आणि सभा पुढं सुरू झाली, शेवटच्या गाण्यापर्यंत.

दसऱ्यानंतर तिला तलावाची माती बंद झाली. तिनं चाक बैलगाडीत घातलं आणि माहेरी, अनसिंगला, भावाकडे गेली. भावजय कुरकुरली, सोजरबाईनं तिच्या दुप्पट काम करून तिचं तोंड बंद केलं. ती आणखी कोरडी झाली होती. जांभुळखेड्याचं नाव कोणी काढलं तर म्हणायची, "तिथं मानसं नाई राहात."

पण माघ आला तशी ती निघाली. मंगळवार धरून, गाडीभर मडकी घेऊन, ती थेट चौकीपुढं आली आणि त्या दगडाला पाठ लावून तिनं दुकान मांडलं. पहिलं गिऱ्हाईक आलं, शेलूबाजारकडचा कोणी शेतकरी. तिनं घागर दिली आणि सांगितलं, "हा दगड पाह्यला? ह्याच्यावर लिवलेलं खोटं हाये. ऐक." आणि सगळं सांगितलं. दुसऱ्याला सांगितलं. तिसऱ्याला. दुपारपर्यंत तिच्याभोवती कोंडाळं जमलं होतं.

मग पाटलाचा कोतवाल आला. "उठ इथून," म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता त्यानं काठीनं वरची रांग झोडपली. आठ-दहा मडकी गेली. सोजरबाई जागची उठली नाही. "फोड," ती म्हणाली. "गाडीत अजून हायेत."

त्यानं पुन्हा काठी उचलली तेव्हा त्याच्या आणि मडक्यांच्या मधे बांगड्यांची टोपली आदळली. रहमतबी होती. बुरखा मागं टाकलेला.

"माही सकीना गोळीनं नाई मेली," ती म्हणाली. आधी हळू, कोतवालाला. मग वळून, बाजाराला, मोठ्यानं. "गोळीनं नाई मेली! गाडग्यात दारू होती. मी माह्या हातानं तिच्या अंगातले खिळे काढले."

कोतवालाची काठी खाली आली.

सोजरबाईच्या चेहऱ्यावरचा राग काही उतरला नाही. "सहा महिने उशीर केला तू," ती म्हणाली.

"केला."

"सगळ्याईच्या देखत मले येडी ठरू देल्लं."

"देल्लं."

सोजरबाईनं खापरं हातानं बाजूला सारली आणि जागा केली. "बस मंग. ऊन लागन."

संध्याकाळी बाजार उठायच्या सुमाराला उदयसिंग स्वतः आला, एकटाच. दोघींपुढं उभा राहिला. "बाई, आता पुरे करा," तो म्हणाला. "मला काय वाटत असेल, तुम्हाला कळत नाही."

"कळत नाई," सोजरबाई म्हणाली. "तू सांग ना लोकाईले. तू सांगतलं की मी गप बसतो. पुढच्या माघात येत नाई."

त्यानं दगडाकडे एकदा पाहिलं. मग टोपी सारखी करून निघून गेला. रहमतबी टोपली आवरायला लागली. तेवढ्यात एक बाई रांजणाचा भाव विचारायला थांबली. सोजरबाईनं भाव सांगितला, रांजण गाडीतून उतरवला आणि तिला म्हणाली, "हा दगड पाह्यला? ऐक."