चांदणीबाईंचं ‘नाही’

रुग्णालयाच्या तळघरात जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे चांदणीबाई म्हणत. कागद आता नावापुरतेच उरले होते. सगळं संगणकात गेलं होतं, आणि त्यातून हवी ती फाइल काढायची तर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करावी लागे. फाइलच्या नावातली आठवतील तेवढी अक्षरं लिहायची आणि जिथे आठवत नाही तिथे चांदणीचं (*) बटण दाबायचं. चांदणी म्हणजे इथे काहीही असलं तरी चालेल. बाई हे सगळं पंचेचाळिशीत, कुणी शिकवलं नसताना शिकल्या होत्या, आणि त्याचा त्यांना चांगलाच तोरा होता. त्यांनी ‘नाही’ म्हटलं की तो कागद नाहीच असं धरून भलेभले डॉक्टर मुकाट्याने जिना चढून परत जात.

त्या दिवशी त्यांचा सख्खा थोरला भाऊच वरच्या मजल्यावर येऊन पडला. आतड्याला पीळ बसला होता आणि एक वाजता ऑपरेशन ठरलं होतं. बारा वर्षांपूर्वी याच रुग्णालयात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा भूल दिल्यावर काहीतरी बिनसलं होतं. काय, ते त्याला सांगता येईना. “मला काय विचारता, मी तर झोपलो होतो,” असं तो पोट धरून म्हणाला. वहिनी चार वर्षांपूर्वीच गेली, बाई तेव्हा परगावी होत्या, त्यामुळे विचारायला दुसरं कुणी नव्हतं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी खाली फोन केला. त्या वेळचा भुलीचा कागद मिळाला तर बरं होईल, पण पीळ काही थांबणार नाही, एकच्या पुढे आम्हाला वाट बघता यायची नाही, असं त्या म्हणाल्या.

बाई लगेच संगणकापुढे बसल्या. त्यांनी भावाचं आडनाव लिहिलं, वर्ष लिहिलं, मध्ये चांदणी टाकली. त्या आज्ञेची एक खोड होती. काही सापडलं नाही तर ती तसं सांगतही नसे, नुसती पुढची ओळ उघडून गप्प बसे. आताही ती गप्प बसली. बाईंनी आडनाव काढून नाव घातलं. मग नुसतं वर्ष. मग नुसतं ऑपरेशनचं नाव, दोन्हीकडे चांदण्या लावून. पडद्यावर ढिम्म काही येईना. पावणेबारा वाजले होते.

एरवी एवढ्यावर त्या उठल्या असत्या. आज खुर्ची सोडवेना. दादाने त्यांना सायकल शिकवली होती, त्यांचं लग्न जमवलं होतं, आणि आता तो वर त्यांच्या भरवशावर पडून होता. त्यांनी अक्षरं एकेक करून काढून टाकली. शेवटी नुसती चांदणी उरली. म्हणजे जे काही आहे ते सगळं दाखव.

पडद्यावर हजारो ओळी धो धो कोसळल्या. बाईंनी त्या तारखेप्रमाणे लावल्या आणि सर्वांत जुनी ओळ बघितली. ती सात वर्षांपूर्वीची होती. त्याच्या आधीचं काहीच नाही. रुग्णालय तर चाळीस वर्षांचं होतं.

मग त्यांना आठवलं. संगणकातल्या जुन्या फाइलींच्या डब्यात, म्हणजे फोल्डरमध्ये, शोधायला अर्धा अर्धा तास लागे. खिडकीपुढे रांग लागे, लोक कुरकुरत. म्हणून त्यांनीच एके दिवशी, दोन दिवसांपुरतं म्हणून, ‘वगळायच्या जागा’ अशा यादीत त्या डब्याचं नाव लिहून ठेवलं होतं. त्या दोन दिवसांना आता सहा वर्षं होत आली होती. आज्ञा बिचारी सांगितलं तेवढंच करत आली होती.

त्यांनी ती ओळ पुसली आणि पुन्हा दादाचं आडनाव लिहिलं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही दर मिनिटाला त्या बघत होत्या. बाराला दहा कमी. सव्वाबारा. बारा एकवीसला पडद्यावर एकच ओळ उमटली.

फोनवर त्यांनी कागद वाचून दाखवला. वायूची भूल दिल्यावर ताप एकाएकी भडकला, सगळं अंग ताठ झालं, तीन दिवस अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. हा वायू पुन्हा देऊ नये. डॉक्टरबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. तोच वायू जोडून ठेवला होता, तो काढायला लावते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चारच्या सुमारास दादा शुद्धीवर आला आणि चहा मागू लागला. बाईंना हे सांगायला डॉक्टरबाईंनीच फोन केला. त्या मोकळ्या झाल्या होत्या, भरभरून बोलत होत्या. तुम्ही नसता तर काय झालं असतं, असं दोनदा म्हणाल्या.

बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

“डॉक्टर, या सहा वर्षांत ज्यांचा जुना कागद तुम्ही मागितलात आणि मी नाही म्हटलं, असे रुग्ण पुष्कळ होते. त्यांना तुम्ही भूल कशी दिलीत?”



“अंदाजाने,” डॉक्टरबाई म्हणाल्या.