मामांचा मुलगा

बॅनरवर माझं नाव नव्हतं. फोटो माझाच, दहावीतला, डोक्याला तेल चोपडलेला. शेजारी दुप्पट मोठे, क्लास चालवणारे सर, हात जोडून हसणारे. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'आमच्या मामांचा मुलगा डॉक्टर होणार!'

घाटकोपर पूर्वेला क्लासची बिल्डिंग आहे. तिच्या पहिल्या मजल्याच्या ग्रिलला तो बॅनर बांधला होता. मी रस्त्यावर उभं राहून दोनदा वाचला. 

मामा म्हणजे माझे बाबा. त्या क्लासचे शिपाई. मी जन्मायच्या आधीपासून तिथे आहेत. वर्गातले फळे पुसायचे, झेरॉक्स आणायच्या, सरांची गाडी धुवायची, भेटायला आलेल्या पालकांना पाणी द्यायचं. आपल्याकडे शाळा-क्लासातल्या शिपायाला मामा म्हणायची पद्धत आहे, बाई असेल तर मावशी. ऐकायला किती गोड. एकदा मामा म्हटलं की माणसाचं नाव विचारायची गरजच संपते.

दहावीनंतर बाबा मला घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले होते. बाहेर चप्पल काढली. त्या केबिनबाहेर दुसरं कुणी चप्पल काढत नाही. मला क्लासला बसू द्या, एवढंच बाबांनी विचारलं. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मामा, सायन्स नाही झेपायचं त्याला. कॉमर्सला टाका. उगाच एक बेंच कशाला अडवायचा?"

बाबा हो सर, हो सर करत मागच्या पावली बाहेर आले. जिन्यात मला बोलले, सर शिकलेले आहेत, त्यांना कळतं. मी ऐकलं नाही, सायन्सच घेतलं. असल्फ्याला आमची वस्ती आहे त्या डोंगराच्या पायथ्याशी एका मंडळाची अभ्यासिका आहे. पंखा खडखडतो, शेजारी पिठाची गिरणी चालते. तिथे बसून केला अभ्यास. प्रवेश परीक्षेत पहिल्या वेळी आपटलो, दुसऱ्या वेळी सरकारी मेडिकलला नंबर लागला. त्या क्लासच्या बेंचवर मी एकदाही बसलो नाही. आणि आता त्याच क्लासच्या ग्रिलला लटकत होतो.

घरी आलो आणि आईवर ओरडलो, माझा फोटो त्यांना कुणी दिला? आईने बाबांकडे बघितलं. बाबा जेवत होते. मान वर न करता आमच्या मालवणीत बोलले, "मी दिलंय. सरांनी मागितल्यानी, नाय कसा म्हणतलंय?"

मी बोललो, बाबा, खोटं आहे ते, तुम्ही तिथेच होतात ना, सर मला बेंच अडवतो म्हणाले तेव्हा? तर म्हणे, मोठी माणसं बोलतात कधी कधी, मनावर घ्यायचं नसतं. मग भात कालवत म्हणाले, "त्यांचा मीठ खाल्ला आपण. तुका काय कळता?"

कसलं मीठ? राबले म्हणून पगार मिळाला. पण बाबांच्या डोक्यात ते मीठच. त्यांच्या ताटासमोर उभा राहून मला पहिल्यांदा स्वतःच्या बापाची शिसारी आली. हो, आली. सांगायला लाज वाटते, पण आली.

रविवारी मुलुंडला हॉलमध्ये क्लासचा गुणगौरव सोहळा होता. मी जाणार नव्हतो. आई बोलली, बाबांसाठी जा रे, नोकरी आहे त्यांची. तिने बाबांना नवा पांढरा शर्ट आणला होता, कडक इस्त्री करून ठेवला होता. तो घालून बाबा निघाले तेव्हा छान दिसत होते, एखाद्या बँकेतल्या माणसासारखे. मला वाटलं, जाऊ दे, आज बाप खुर्चीत बसेल तरी.

हॉलच्या दारातच सर भेटले. बाबांना वरून खालपर्यंत बघून बोलले, "मामा, हे काय? युनिफॉर्म घाला. लोकांना समजलं पाहिजे ना."

आणि बाबांनी पिशवीतून युनिफॉर्म काढला. राखाडी सफारी, घडी घातलेली. घरूनच आणली होती. म्हणजे बाबांना माहीत होतं. आईने इस्त्री केली तेव्हाही माहीत होतं.

स्टेजवर बाकीच्या मुलांचे आईवडील खुर्च्यांवर बसले होते. प्रत्येक मुलाचं नाव पूर्ण घेतलं जात होतं, आधी मुलाचं, मग बापाचं, मग आडनाव. शाल आणि नारळांचा ट्रे धरून माझे बाबा स्टेजच्या कडेला उभे. माझी वेळ आली तेव्हा सरांनी स्वतः माइक घेतला. "आणि आता, आपल्या मामांचा मुलगा!" टाळ्या. मग गोष्ट सुरू झाली. म्हणे हा मुलगा आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. म्हणे मी त्याच्याकडून एक रुपया घेतला नाही. म्हणे मामा म्हणजे आमच्या घरातलेच. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. सरांनी एक हात माझ्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्याने बाबांना ट्रेसकट जवळ ओढलं आणि फोटोवाल्याला खूण केली. तो हात गरम आणि ओलसर होता. मला अजून आठवतो आणि अजून डोकं धुवावंसं वाटतं.

"बोल बाळा, दोन शब्द," म्हणत माइक माझ्या हातात दिला.

मी काही ठरवून गेलो नव्हतो. देवाशप्पथ नव्हतो. तोंडातून निघून गेलं.

"सर, माझ्या बाबांचं नाव काय?"

सर हसले. हॉलमधले पण हसले, कोडं घातलंय असं समजून. मी थांबलो. सर इकडेतिकडे बघायला लागले. क्लासच्या मॅडमकडे बघितलं, मॅडमने जमिनीकडे बघितलं. मग सर बोलले, "अरे, मामा म्हणजे मामा. आपल्या माणसाला कुणी नावाने हाक मारतं का?"

माहीतच नव्हतं. माझ्या जन्माच्या आधीपासून गाडी धुतोय हा माणूस, आणि ह्यांना नाव माहीत नाही.

मी पुढे बोलणार होतो. बेंचचं सगळं सांगणार होतो. तेवढ्यात बाबांनी ट्रे खाली ठेवला आणि माझ्या हातातून माइक काढून घेतला. मला वाटलं, आता नाव सांगतील. मी खरंच वाट बघत होतो.

"मला मामाच म्हणा," बाबा बोलले. "पोरगा सरांमुळेच शिकला. तो लहान आहे, त्याला माफ करा."

हॉल टाळ्यांनी भरून गेला. मी स्टेजवरून उतरलो आणि सरळ रस्त्यावर आलो. सरांचा राग येत होताच, पण सर परके. बाबांनी मला एवढ्या लोकांसमोर खोटं पाडलं, आणि ते करताना त्यांचा आवाज जराही कापला नाही.

सोमवारी सरांचा निरोप घेऊन बाबा घरी आले. सरांनीच मला शिकवलं असा एक छोटा व्हिडिओ करून दे, म्हणजे गैरसमज दूर होईल. मी सरळ नाही म्हटलं. बाबा बोलले, मग माझं काय होईल त्याचा विचार कर. मी रात्रभर तोच विचार केला. सकाळी क्लास सुरू व्हायच्या वेळेला तिथे गेलो, जिन्याने वर चढलो आणि ग्रिलच्या दोऱ्या सोडायला लागलो.

पोरं ओरडायला लागली, मामा, मामा, बॅनर काढतोय कुणीतरी. बाबा हातात डस्टर घेऊन धावत आले. मी आहे हे बघून क्षणभर थांबले. मग डस्टर टाकला आणि बॅनरचं दुसरं टोक धरलं.

"सोड," बोलले.

"तुम्ही सोडा."

सोडेनात. दोघं ओढतोय, मध्ये माझा फोटो चुरगळतोय. केबिनच्या दारात सर येऊन उभे राहिले. त्यांना बघून बाबांनी आणखी जोर लावला. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्यात कुणी बापाला नावाने हाक मारत नाही. मारली तर थोबाड फुटतं. मी मारली. मोठ्याने, अख्ख्या पॅसेजला ऐकू जाईल अशी.

"विश्राम, सोड."

बाबांचा हात सुटला. मी थोबाडीत मारल्यासारखे बघत राहिले माझ्याकडे. पोरं बाजूला सरकली.  मी बॅनर गुंडाळला, काखेत मारला आणि सरांच्या समोरून खाली उतरलो.

तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. नोकरी अजून आहे, उद्याचं माहीत नाही. गेली तर जाऊ दे, शिकता शिकता काम करेन, पण व्हिडिओ मिळणार नाही. बाबांना राग आहे तर असू दे. ते त्या माणसाला सोडणार नाहीत, कळलं मला. पण माझ्यासमोर त्यांना जो कुणी मामा म्हणेल, त्याला मी बाबांचं नाव विचारणार. क्लासच्या जिन्यात विचारणार, हॉलमध्ये विचारणार, आणि बाबा मध्ये पडले तर बाबांच्या तोंडावर विचारणार.