कांदा-लसूण न खाणारा माणूस

आमच्या यांना बियरच्या कंपनीत चव घेण्याचं काम होतं. शिरूरकडं कारखाने आले तेव्हा हे बाटल्या धुण्याच्या खात्यात लागले, आणि नाक चांगलं म्हणून साहेबांनी त्यांना चवीच्या खोलीत घेतलं. आमच्या गावात, निमोण्यात, मी एवढंच सांगायचे, "कंपनीत हायेत." माहेरी दौंडला तर सुपरवायझर झालेत म्हणून सांगितलं होतं.

चव सकाळी घ्यायची, तोंड स्वच्छ असताना. म्हणून चवीच्या दिवशी घरात कांदा-लसणाची फोडणी नाही, उदबत्ती नाही, माझ्या डोक्याला वासाचं तेलसुद्धा नाही. शेजारणींना वाटलं, यांनी गुरू केला. "नशीबवान हाईस गं," शेजारची म्हणायची, "आमच्यात बघ, बाटलीबिगर दिवस मावळत न्हाई." मी खाली बघायचे. खरं काय ते तोंडातून निघायचंच नाही.

यांना त्या कामाचं भारी वेड. सुट्टीला पेल्यांत पाणी घेऊन एकात लवंग, एकात मका उकडलेलं पाणी, एकात लोण्याचा कण असं मांडायचे आणि डोळे मिटून ओळखायचे. मक्याचा वास आला की बियर बिघडली समजायची. पुढं पुण्यात हौशी लोकांनी घरच्यासारखी थोडी थोडी केलेली बियर पारखायला यांना बोलावलं. आल्यावर जेवायचं सोडून सांगत बसले, "एकीला भाकरीच्या पापुद्र्याचा वास होता बघ, नुकत्या तव्यावरनं उतरलेल्या."

मी म्हणाले, "हळू बोला. पलीकडं ऐकू जातंय."

मग दारूचं दुकान बंद करायला गावातल्या बायका उठल्या. दुकान बंदला आडवी बाटली की चालूला उभी, असं मतदान व्हायचं होतं. देवळापुढच्या सभेत नारळ फोडायला निर्व्यसनी माणूस हवा म्हणून त्यांनी यांनाच बोलावलं. मी म्हणाले, "पोट दुखतंय म्हणून सांगा."

"खोटं कशाला?" हे म्हणाले.

सभेत नारळ हातात घेऊन हे बोलले, "मावश्यांनो, दुकान बंद व्हावं असं मलाबी वाटतं. पण मी कंपनीत बियरची चव घेतो, त्याचाच पगार हाय. नारळ दुसऱ्या कुणी फोडावा."

पुढं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "थुकून टाकता का गिळता, आप्पा?"

थुकतो म्हणा, मी मनात म्हणत होते.

"गिळावी लागती, आजी. कडूपणा घशात कळतो."

"मग आमच्या म्हाताऱ्यालाबी लावा की तिथं! त्यो फुकटच चव घेत हिंडतोय."

बायका हसून हसून वाकल्या. हेही हसले. शेजारची मात्र माझ्याकडं वळली. "कांदा-लसूण देवासाठी न्हवं, बाटलीसाठी सोडला व्हय? आन् तू गप ऱ्हायलीस?" मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

परत निघालो. आम्हाला कुणी बरोबर बघू नये म्हणून मी मुद्दाम मागं राहिले, वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागले. हे थांबले.

"काय टोचलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली, पण जागची हलले नाही. तेव्हा त्यांना कळलं. पुढं चालू लागले, मला गाठता यावं इतके हळू. मी गाठलं नाही.