छकुलीचा निळा नमुना

आमच्या छकुलीला दात येत आहेत, असं निदान मी केलं तेव्हा तिच्या अंगात तीन दिवसांचा ताप होता. मी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. (म्हणजे घरात मला कोणी काही शिकवू शकत नाही!) आठ महिन्यांच्या लेकीच्या तोंडात मी उजव्या हाताचं बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "हिरड्या फुगल्यात. दाताचा ताप!"

"सर्दी नाही, खोकला नाही," बायको, वनिता, म्हणाली. "दूध पीत नाही अन् शू करताना किंचाळून राहिली. अजी, दात वर येतेत, पोरगी खालून रडून राहिली!"

"शरीर एकच असतं," मी म्हटलं. शाळेत हे वाक्य टाकलं की वर्ग गप्प बसतो. वनिता बसली नाही.

"नजर लागली रे पोरीले," आई म्हणाली आणि तिने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या धुराने घरात खोकलाही आला. मला!

चौथ्या दिवशी सकाळी वनिता कोणालाही न विचारता पोरीला घेऊन गोंदियाच्या एसटीत चढली. मागोमाग मी, माझ्या मागे आई. डॉक्टरांनी पोर तपासली. "तापाचं दुसरं कारण दिसत नाही. लघवी तपासू. जागा नीट धुवा आणि मधली धार थेट ह्या बाटलीत धरा. बाटलीला आतून हात लावू नका."

बाटली त्यांनी वनिताला दिली होती. मी ती काढून घेतली. "हे विज्ञानाचं काम आहे!"

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात छकुलीला मांडीवर घेऊन मी सुरू केलं, "शूऽऽऽ!" आईने साथ दिली. मग बाकावरच्या पेशंटांनीही. पंधरा मिनिटांत समोरचे तीन म्हातारे एकामागून एक उठून मागच्या मोरीकडे पळाले. छकुली मात्र ढिम्म! माझ्या हाताला मुंग्या आल्या, म्हणून बाटली क्षणभर खाली ठेवली आणि त्याच क्षणी सगळी धार माझ्या शर्टावर!

शर्ट पांढरा, आदल्या दिवशी आईने भरपूर नीळ घालून धुतलेला. पण नमुना वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. खांबाआड जाऊन मी शर्टाचं टोक बाटलीत पिळलं.

तपासणीवाल्याने बाटली उजेडात धरली. "गुरुजी, बच्ची नीला मूतती है क्या?"

"दवाई का असर होगा," मी म्हटलं.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी आधी बाटली पाहिली, मग माझ्या पोटावरचा ओला डाग. "गुरुजी, तुमच्या शर्टाचे जंतू पोरीच्या नावावर लावता? खरा संसर्ग असेल आणि तो मूत्रपिंडापर्यंत गेला, तर पोरीला जन्माचं दुखणं लागेल. तीन दिवस तुम्ही आधीच घालवलेत."

मूत्रपिंडाची आकृती मी दरवर्षी रंगीत खडूंनी काढतो, शिक्षणाधिकाऱ्यांनीसुद्धा वाखाणलेली! आणि घरी माझीच लेक तापाने फणफणत होती, तर मी दात शोधत होतो. मला भर वऱ्हांड्यात रडू आलं.

वनिताने नवी बाटली मागून घेतली. पोरीला धुतलं, उभं धरायला आईकडे दिलं, ओटीपोटावर गार पाण्याचा हात फिरवला. दोन मिनिटांत बाटली भरली!

"घ्या तुमचं विज्ञान," ती म्हणाली.

लघवीत जंतू निघाले. दहा दिवसांचं औषध सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. "आता औषध कशाला हवं?" मी तोंड उघडलंच. वनिताने नुसतं माझ्या शर्टाकडे पाहिलं. दहाही दिवस डोस चुकला नाही, पुढची तपासणी स्वच्छ आली.

दोन महिन्यांनी हिरडीवर पांढरा ठिपका दिसला. "बघा! मी म्हणालो होतो ना, दात!" म्हणत मी तेच बोट तोंडात घातलं. छकुलीने कचकन चावा घेतला. मी असा ओरडलो की आई अंगणातून धावत आली.

"काऊन, का झालं?"

"काही नाही जी आई," वनिता म्हणाली. "मास्तरचं निदान बरोबर निघालं."