जिभेले विचार

वडीचा कोपरा ओल्या बोटानं घासायचा, बोट जिभेच्या टोकाला लावायचं आणि डोळे मिटून थांबायचं. आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या साबणवाल्या मावशींची प्रयोगशाळा एवढीच. जीभ झोंबली, तर कास्टिक सोडा शिल्लक आहे. वडी मुरायला परत फळीवर. नाही झोंबली, तर विकायला. "जिभेले विचार," म्हणायच्या, "ते खोटं नाही बोलत."

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. नवऱ्याची इथं बदली झाली आणि मी शाळेत केमिस्ट्री शिकवायला लागले. म्हणजे बघा, शहाणपणाला तोटा नव्हता. हळदीत बुडवून वाळवलेला कागद मी मावशींच्या वडीवर टेकवला. लालभडक!

"मावशी, यात कास्टिक राहिलंय."

"हव," म्हणून त्या तेल ढवळत राहिल्या. मी मात्र घरोघर सांगून आले, हात सोलून निघतील म्हणून.

महिन्याभरात त्यांच्या फळ्या भरल्या. गिऱ्हाईक फिरकेना. घर त्याच साबणावर चालायचं.

एका दुपारी त्या माझ्या दारात उभ्या. "मॅडम, तुह्या न्हाणीतला साबण आण. दुकानातला. अन् तो कागदबी."

टेकवला. लालभडक!

साबण कितीही मुरला तरी अल्कधर्मीच. हळद लाल होणारच. हळदीचा डाग साबणानं लाल होतो हे माझ्या अडाणी आजीलाही ठाऊक होतं. फक्त मॅडमना नव्हतं. उरलेलं कास्टिक हळदीला ओळखता येत नाही, जिभेला येतं.

"आता काय करू?"

"पसरवलं कोनं? चाल मंग."

दोन साबण आणि कागदांचा गठ्ठा घेऊन मी दारोदार फिरले. प्रत्येक घरी आधी कागद, मग माझी जीभ.

"काहून वं मॅडम, मीठ बरोबर आहे न?" बायका पदरात हसायच्या.

गिऱ्हाईक परतलं. मावशी एवढंच म्हणाल्या, "बोलायच्या आधीबी तिलेच विचारत जाय."

मावशींना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या हातची एक वडी कपाटात आहे, दगडासारखी झालेली. परवा मी बोट ओलं केलं, घासलं, जिभेला लावलं.

"आजी, साबुन चाट रही हो?" नात किंचाळली.

"जिभेला विचारतेय."

"क्या बोली?"

"काही नाही," मी म्हटलं. "उशिरा का होईना, गप्प बसायला शिकलीय."