डोळे मिटून पाहायचा उजेड

"डोये मिटा. मी म्हनीन तवाच उघडा." अंधाऱ्या खोलीतल्या प्रत्येक प्रयोगाआधी आमचे सायन्सचे मास्तर पोरांना असं म्हणत आणि जाळ पेटवला की स्वतःही तळहात डोळ्यांवर दाबून बसत.

बुलढाण्याच्या हायस्कुलात मी तेव्हा इतिहास शिकवायचो. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याची गावभर चेष्टा होते आणि अडलं की सगळे त्याच्याकडेच धावतात. हे तसे. देऊळघाटच्या शेतकरी घरातले. नागपूरहून आलेल्या इन्स्पेक्टरसमोरही वऱ्हाडीच बोलत.

त्यांना वेड एकच. फोटोवाल्याकडच्या जुन्या फिल्मा धुऊन कोऱ्या करायच्या, पट्ट्या कापून काचेच्या नळीत घालायच्या, बर्फ-मिठात गारठवायच्या आणि मॅग्नेशियमची तार पेटवून त्यांच्यावर उजेड पाडायचा. तार विझल्यावर पट्टी स्वतःच क्षणभर निळसर उजळते, असं त्यांचं म्हणणं; पण पाहिलं होतं ते त्यांनी एकट्यानंच. बर्फ मलकापुराहून भुशात गुंडाळून मोटारीनं यायचा. निम्मा घाटातच पाणी होऊन जायचा.

नागपूरच्या कॉलेजला पाठवायचं पत्र लिहून तयार होतं. पण "दोघायनं पाह्यलं तरच खरं" हा त्यांचा नियम, आणि मोतीबिंदू वाढत चाललेला. पुढच्या उन्हाळ्यात आपल्याला दिसणार नाही, म्हणून त्यांनी मला साक्षीला बसवलं.

दारं-खिडक्या लावल्या. काडी ओढल्याचा आवाज आला आणि मला राहवलं नाही. बोटांच्या फटीतून मी त्या पांढऱ्याशुभ्र जाळाकडे पाहिलं. त्यांनी "उघडा" म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नुसता काळा डाग नाचत होता.

"दिसलं का?"

"नाही."

त्यांनी खिडकी उघडली. मग म्हणाले, "म्हंजे माह्या डोयायचाच खेळ होता तो."

फटीतून पाहिल्याचं मी दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. पत्र त्यांनी त्याच संध्याकाळी फाडल्याचं कळलं आणि माझी जीभच रेटेना.

निवृत्त होऊन ते देऊळघाटला गेले. पुरतं दिसेनासं झाल्यावर मी दोनदा भेटायला गेलो आणि दोन्हीदा पीकपाण्याचं बोलून उठलो. "काऊन आले होते, मास्तर?" त्यांनी निघताना विचारलं. सहज, असं म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते वारल्यावर मी बर्फ मागवला. तार पेटवली, डोळे घट्ट मिटले, पापण्यांआडची लाली विझल्यावर उघडले. नळीतली पट्टी निळसर उजळली होती, जेमतेम श्वासभर.

आता दोघांनी पाहिलं होतं. पत्र लिहिणाराच राहिला नव्हता.