पहिला पत्ता हलण्याआधी

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. त्यात ना खून होता, ना दरोडा. एक कॉम्प्युटर, बावन्न पत्ते आणि कॅनडात टोरांटोजवळच्या व्हिटबीत बेसमेंटमध्ये राहणारी एक बाई, एवढाच मामला. पण माझी इतकी फजिती दुसऱ्या कुठल्या केसने केली नाही, आणि इतकं कौतुकही मला क्वचितच कुणाचं वाटलं.

तेव्हा मी टोरांटोच्या पूर्वेला फसवणूक विभागात सार्जंट होतो. लोकांचे फोन अजून साधे होते. ऑनलाइन खेळायचं म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरवर. एका सकाळी ग्वेल्फ शहराच्या पोलिसांकडून फाइल आली. तिथले एक निवृत्त गृहस्थ एका वेबसाइटवर पत्त्यांच्या स्पर्धा खेळत. प्रवेश फी भरायची, पहिलं आलं की रोख बक्षीस. शनिवारच्या खुल्या स्पर्धेत ते अकरा वेळा दुसरे आले होते, आणि पहिलं नाव दर वेळी तेच. 'हा माणूस नाही, मशीन आहे,' अशी त्यांची तक्रार. वेबसाइटवाल्यांनाही संशय होताच. त्यांनी ते खातं बंद केलं आणि खेळाडूचं नाव आणि घरचा पत्ता पोलिसांना दिला. नाव मराठी निघालं, म्हणून फाइल माझ्या टेबलावर आली.

मला आधी तो सरळ जुगार वाटला. सरकारी वकिलांनी एकच प्रश्न विचारला, "पत्ते झाकलेले असतात की उघडे?" मला माहीत नव्हतं. आमच्या कायद्यात कौशल्याला नशिबाची जोड मिळाली तरी जुगार ठरू शकतो, म्हणून हे महत्त्वाचं. मुकाट्याने नियम वाचायला बसलो.

वाचत गेलो तसा चकित झालो. बावन्नच्या बावन्न पत्ते उघडे. ते एकट्याने हलवून क्रमाने लावायचे. सगळ्यांत कमी वेळात लावेल तो जिंकला. आणि स्पर्धेतल्या प्रत्येकाला हुबेहूब तोच डाव. कुणी हॅलिफॅक्समध्ये सकाळी खेळो, कुणी व्हिटबीत दुपारी, पत्ते तेच. एरवी आधीच्या निकालांवरून तुमची पातळी ठरते आणि तोडीचाच प्रतिस्पर्धी मिळतो. फक्त शनिवारी सगळ्यांना मैदान खुलं. 'मला पत्तेच वाईट आले' ही कुरकुर कुणाला करताच येणार नाही. ज्याने हे रचलं त्याला मी मनातून सलाम केला. जुगाराचा मुद्दा निकालात निघाला. आता प्रश्न उरला, ती बाई एखादा प्रोग्राम लावून खेळते का?

ती ठरल्या वेळेला ठाण्यात आली. चाळिशीची, मूळची वसईची, माझ्याच तालुक्यातली. गावची म्हणून सूट द्यायची नाही, या विचाराने मी जरा जास्तच ताठ बसलो. शेजारी माझी तरुण सहकारी, समोर कॅमेरा.

"साहेब, एक सांगू?" ती म्हणाली. "मला स्कूलमध्ये जॉब लागलाय, लहान मुलांकडे असिस्टंट. चार वर्षं अप्लाय करत होते. लेबर डेनंतर जॉइन करायचंय. पोलीस चेकचा पेपर क्लीन आला नाही तर ते घेणार नाहीत."

लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, त्यानंतर इथल्या शाळा उघडतात. त्याला दहा दिवस होते.

चौकशीत माझा एक नियम असे, नव्या पोरांनाही मी तोच शिकवायचो: खऱ्याला वेळ लागत नाही, बनवून सांगणारा थांबतो. ही बाई प्रत्येक प्रश्नाला थांबत होती.

"घरात आणखी कोण खेळतं?"

बराच वेळ शांतता. "कोणी नाही."

"कॉम्प्युटरवर कुठले प्रोग्राम आहेत?"

पुन्हा शांतता. "टॅक्स फाइल करायचा एक आहे. आणि डॉटरचा, स्पेलिंगचा."

'उत्तर देण्यापूर्वी थांबते,' असं मी नोंदवहीत तीन वेळा लिहिलं. माझ्यापुरता निकाल लागला होता.

तरी रीतीप्रमाणे परीक्षा घेतली. वेबसाइटच्या माणसाने आमच्या लॅपटॉपवर एक कोरा डाव पाठवला, कुणीच न पाहिलेला. तो स्वतः फोनवर थांबला. पत्ते पडद्यावर आले. बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि नुसतं बघत राहिल्या.

"सुरू करा," मी म्हणालो.

त्या हलल्या नाहीत. दोन मिनिटं गेली.

"ताई, सुरू करा ना!"

"प्लीज, साहेब," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

चार मिनिटं झाली. सहकारिणीने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. पकडली गेली, असं मी मनात म्हटलं आणि पेन उचललं. तेवढ्यात बाईंनी माउस धरला. त्यानंतर त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. पत्ते पटापट आपापल्या जागी गेले, एकही चाल मागे घेतली नाही. पडद्यावर वेळ आली: एक मिनिट नऊ सेकंद. सहकारिणीच्या हातातली कॉफी तशीच राहिली.

"हे कसं केलंत?" मी विचारलं.

त्या नेहमीसारख्या थांबल्या. "टपाल खात्यात नऊ वर्षं सॉर्टिंगला होते. आमच्या सीनियर बाई सांगायच्या, आधी पूर्ण गठ्ठा नजरेखालून घाल, मग हात लाव. हात लावला की विचार बंद. इथे रूल्समध्ये लिहिलंय, पहिला पत्ता हलवला की क्लॉक सुरू होतं. मग घाई कशाला?"

फोनवरच्या माणसाने वेबसाइटच्या नोंदी काढून पाहिल्या. त्या पहिल्या पत्त्यापासून सुरू होत. त्याआधी माणूस किती वेळ बघत बसला, हे कुणी मोजलंच नव्हतं. त्यांना दिसायचा तो फक्त न थांबणारा हात, म्हणून त्यांनी तिला मशीन ठरवलं. नियम सगळ्यांना सारखाच होता. वाचला होता तो हिने.

ग्वेल्फच्या गृहस्थांना मी स्वतः फोन केला. पत्ते उघडले की ते लगेच तुटून पडत. सगळं ऐकून ते म्हणाले, "मग तिने हे आधी सांगायला हवं होतं!" नंतर जरा वेळाने, "ती पुन्हा खेळणार ना?" त्यांनी तक्रार मागे घेतली, साइटने खातं उघडलं.

माझ्या नोंदवहीतली ती तीन वाक्यं मात्र मला छळत राहिली. वेबसाइटने तिचं थांबणं पाहिलंच नाही, आणि मी पाहून त्याला खोटेपणा म्हटलं. दोघांत जास्त चुकलो तो मी. पगार मला माणसं ओळखण्याचा मिळत होता. आधीच्या किती चौकशांत मी विचार करणाऱ्या माणसाला लबाड समजलो असेन, ते आठवायची मला भीती वाटते. ती वाक्यं खोडायची पद्धत नसते. मी त्यांच्याखाली दुरुस्ती लिहिली, तारीख टाकली, सही केली. नव्या पोरांना तो नियम पुन्हा शिकवला नाही.

लेबर डेच्या आधीच्या शुक्रवारी बाईंचा पोलीस चेकचा कागद तयार झाला. तो काउंटरवरून देतात. मी स्वतः घेऊन गेलो. बाईंनी तो हातात घेतला आणि वाचू लागल्या. एकच ओळ होती, नोंद नाही म्हणून. त्या वाचतच राहिल्या. मागे रांग लागली, काउंटरवरच्या क्लार्कने घसा खाकरला. मी त्याला हातानेच थांबवलं.

शेवटी त्यांनी कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.

"थँक यू, साहेब," त्या म्हणाल्या. "आज मध्ये बोलला नाहीत."